कवेलूच्या घरातली छत्री स्लॅबवर: फ्री डिश हलवण्याचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं एक गाव. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. नवं घर त्याच गल्लीत दीडशे पावलांवर, घरकुलातलं, स्लॅबचं. मे महिन्याच्या अखेरीला सामान हललं. त्यात डीडी फ्री डिशची (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा) ६० सेंमीची छत्री, एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरची, सिग्नल झेलणारी डबी), जुना सेटटॉप बॉक्स आणि १२ मीटर वायर होती. गावातल्या वायरिंग करणाऱ्या मुलाने छत्री स्लॅबवर बसवली, पण टीव्हीवर 'नो सिग्नल'. दोन दिवस छत्री फिरवून झाली तरी चित्र येईना. घरमालकाचं म्हणणं साधं होतं: "काहून लागत नाही भाऊ? छत्री तेच, डब्बा तोच, तोंडही तिकडंच केलं."

ही तक्रार रास्त आहे. उपग्रह ३६,५०० किलोमीटरवर, त्यामुळे दीडशे पावलांनी त्याची दिशाही बदलत नाही आणि उंचीही. मग बदललं काय? चार गोष्टी बदलल्या होत्या: खांब, होकायंत्राभोवतीचं लोखंड, वायरची लांबी आणि कोणालाच न दिसलेली बॉक्सची जुनी सेटिंग. प्रत्येकीने आपापला घोळ घातला. एकावर एक साचल्यामुळे कोणता घोळ कशाचा, तेच कळेना.

आधी आकाशाचं गणित

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला, जागा ९३.५ अंश पूर्व रेखांश. राळेगाव साधारण २०.४ अंश उत्तर, ७८.५ अंश पूर्व. या दोन आकड्यांवरून छत्रीची दिशा निघते उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १४२.५ अंश, म्हणजे आग्नेयेच्या थोडी दक्षिणेकडे. क्षितिजापासूनची उंची ६०.६ अंश. विदर्भाच्या दोन टोकांना हे आकडे थोडे सरकतात. बुलढाण्याला दिशा सुमारे १३८.५ आणि उंची ५९, तर गडचिरोलीला १४५ आणि ६२. यूट्यूबवर दिल्लीच्या माणसाने सांगितलेले अंश इथे लावले तर छत्री भलतीकडेच पाहील.

शेजारच्याची छत्री पाहून आपली लावायची हा गावोगावचा रिवाज. तो कधी चालतो, कधी दगा देतो. टाटा प्लेची छत्री ८३ अंशांवरच्या उपग्रहाकडे पाहते. राळेगावातून ती दिशा १६७ अंश येते, आपल्याला हव्या दिशेपासून तब्बल २५ अंश लांब. डीटूएच ८८ वर, एअरटेल १०८.२ वर. डिश टीव्ही ९५ वर आहे, आणि खरी गोम तिथे आहे, कारण ९५ आणि ९३.५ एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत. राळेगावातून दिशेत ३ अंशांचा फरक आणि उंचीत १ अंशाचा. ६० सेंमी छत्रीचा झोत स्वतःच सुमारे ३ अंश रुंद असतो. म्हणजे ९५ कडे पाहून बसवलेली छत्री फ्री डिशच्या उंबऱ्यावर उभी असते, पण आत नसते.

खांबाने केलेला घोळ

मुलाने एक गोष्ट शहाणपणाने केली होती. जुन्या घरावरून छत्री काढताना मागच्या ब्रॅकेटवरचा उंचीचा आकडा पाहून ठेवला होता: ५६. नव्या घरी त्याच आकड्यावर नट आवळून त्याने छत्री फक्त डावी-उजवीकडे फिरवली. एरवी पद्धत हीच बरोबर. एकाच गावात छत्री हलवताना उंचीचे नट सोडूच नयेत आणि एलएनबीही फिरवू नये. फक्त खांबाचा क्लॅम्प सैल करायचा, म्हणजे शोधायला एकच दिशा उरते.

पण गणित सांगतं ६०.६ आणि ब्रॅकेट सांगत होतं ५६. जुना खांब अजून जागेवर होता. त्याला ओळंबा लावला तेव्हा १ मीटर उंचीत ८ सेंमी कल निघाला, मागे वायव्येकडे. म्हणजे ४.६ अंश. लाकडी मयालीला (छताच्या तुळईला) तारेने बांधलेला तो खांब वाऱ्यापावसात मागे कलला होता आणि कधीतरी कोणीतरी त्याच कललेल्या खांबावर छत्री जुळवली होती. ५६ अधिक ४.६, बरोबर ६०.६. नव्या स्लॅबवरचा खांब मात्र गवंड्याने ओळंब्यात उभा केलेला, अगदी सरळ. त्यावर ५६ म्हणजे छत्री साडेचार अंश खाली पाहणार. मग ती गरागरा फिरवली तरी जीसॅट-१५ तिच्या झोतात येणारच नाही. मुलाने चुकीचं काही केलं नव्हतं. तो आकडा कललेल्या खांबाचा होता, एवढंच.

याचा उपाय खर्चाचा नाही. खांब ओळंब्यात आहे की नाही हे दोन बाजूंनी, काटकोनात पाहायचं. एकाच बाजूने पाहिलं तर दुसऱ्या बाजूचा कल डोळ्याला दिसत नाही. खांब सरळ असेल तर ब्रॅकेटवर ६०-६१ लावून सुरुवात करायची. स्केल पुसलं असेल आणि मोबाईलच्या कोनमापकाने तपासायचं असेल, तर एक भान हवं: या छत्र्या ऑफसेट असतात, तोंड वाटतं त्यापेक्षा २२ ते २६ अंश वर पाहतात. म्हणून मोबाईल छत्रीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर टेकवलेल्या काठीला लावला तर तोंड उभ्या रेषेपासून ६० नव्हे, ३५ ते ३८ अंशच मागे झुकलेलं दिसायला हवं. छत्री ६० अंश मागे झुकवून पावसाचं पाणी साठवणारं टोपलं केलेल्या जागा बऱ्याच आहेत.

स्लॅबवरची होकायंत्रं खोटी बोलतात

गावातल्या नव्या स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या दोन-तीन फूट वर सोडलेल्या असतात. इथेही चारही कोपऱ्यांत होत्या आणि छत्रीचा खांब त्यांतल्याच एका कोपऱ्याजवळ होता. तिथे उभं राहून मोबाईलचं होकायंत्र १४२ दाखवत होतं तेव्हा छत्री प्रत्यक्षात १२८ च्या आसपास पाहत होती. सळ्या, टिनपत्रा, लोखंडी जिना, उभी मोटारसायकल, यांतलं काहीही दोन-तीन मीटरच्या आत असेल तर होकायंत्र वळतं. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतच असतो, त्याची फिकीर नको. फिकीर करायची ती लोखंडाची.

सावलीवरून दिशा काढण्याची जुनी युक्तीही इथे उपयोगाची नव्हती. राळेगावात २२ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडून जातो. त्या काळात तो आग्नेय-दक्षिणेच्या १४२ अंशांवर येतच नाही. हिवाळ्यात ही युक्ती झकास चालते.

मग अंगणात, लोखंडापासून सहा मीटर लांब जाऊन दिशा घेतली. १४२.५ अंशांची रेषा गावाच्या उंच पाण्याच्या टाकीच्या डाव्या खांबावरून जात होती. टाकी ४०० मीटरवर होती. अंगणातून स्लॅबवर सहा मीटर सरकलं तरी टाकीची दिशा एका अंशानेही बदलत नाही. स्लॅबवर चढून छत्रीचा दांडा त्या खांबाकडे केला. होकायंत्राचं काम तिथे संपलं.

झाडाची भीती घरच्यांना होती. आग्नेयेला शेजाऱ्याचा मोठा कडुनिंब आहे. उंची ६०.६ अंश असल्याने झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त अंतरावर ते असलं की नड येत नाही. ५ मीटर उंच झाड आडवं २.८ मीटरपेक्षा लांब हवं, वाढीची सोय धरून ४ मीटर. कडुनिंब ११ मीटरवर होता, त्याला कोणी हात लावायचं कारण नव्हतं. खरी आडकाठी निघाली ती खांबाला खेटून ठेवलेली हजार लिटरची पाण्याची टाकी. ती हलवली.

बॉक्सच्या आतली जुनी यादी

बॉक्सच्या मेनूत उपग्रह म्हणून इन्सॅट-४बी लिहिलेलं होतं आणि ट्रान्सपॉन्डर (उपग्रहावरचे प्रक्षेपक, एकेकावर अनेक चॅनेल असतात) २७५०० सिम्बॉल रेटचे (माहिती पाठवण्याच्या वेगाचा आकडा). फ्री डिश पूर्वी इन्सॅट-४बीवर होती, तेव्हाची ती यादी. जुन्या घरी कोणीतरी चॅनेल हाताने भरले होते म्हणून ते चालत राहिले. हलवताना मुलाने फॅक्टरी रिसेट केलं आणि बॉक्स पुन्हा जुन्या यादीवर गेला. आता छत्री अचूक बसली असती तरी क्वालिटी शून्यच दिसली असती. दिशा शोधताना रिसेट करू नये ते यासाठी.

नव्याने भरलं ते असं: एलएनबी युनिव्हर्सल ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर चालू, डायसेक बंद, २२ के ऑटो. ट्रान्सपॉन्डर ११०९०, ध्रुवीकरण (लहरींचा आडवा-उभेपणा) व्ही म्हणजे उभं, सिम्बॉल रेट २९५००. दिशा शोधताना पडद्यावर हा एकच ट्रान्सपॉन्डर उघडा ठेवायचा. ११०९० मधून ९७५० वजा केले की वायरमधून खाली येणारी फ्रिक्वेन्सी १३४० मेगाहर्ट्झ उरते. वायर किती सिग्नल खाणार हे त्यावर ठरतं.

पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे एलएनबी जिवंत आहे आणि वायरमधून काहीतरी येतंय, एवढंच. छत्री जमिनीकडे केली तरी ती ६०-७० दाखवू शकते. उपग्रह सापडला हे सांगते ती फक्त क्वालिटी. दोन दिवस मुलगा स्ट्रेंग्थ ७८ वर नेऊन खूश होत होता. टक्क्यांवरही जाऊ नये, एका बॉक्सचे ६५ दुसऱ्याचे ८५ असतात.

शोध

उंची ५९.५ वर ठेवून शोध सुरू केला आणि ब्लाइंड स्कॅनमध्ये (बॉक्स स्वतःच सगळ्या फ्रिक्वेन्सी चाळतो) शंभरावर चॅनेल सापडले. घरात आनंदीआनंद. पण प्रत्येक नावापुढे डॉलरचं चिन्ह, एकही उघडेना. हा ९५ अंशांचा उपग्रह होता. पैसे भरून घ्यायच्या चॅनेलांची यादी दिसली की ओळखायचं, आपण एक घर पुढे आलो. तिथून छत्री पश्चिमेकडे, म्हणजे तिच्यामागे उभं राहिल्यावर उजवीकडे, ३ अंश सरकवली आणि उंची १ अंशाने वाढवली. ११०९० वर क्वालिटी एकदम ० वरून ४१ वर उडाली.

३ अंश हाताला किती? ६० सेंमी छत्रीच्या कडेला १ अंश म्हणजे ५ मिलिमीटर. दीड इंची खांबावर तोच अंश जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणून खांबाकडे पाहून सरकवू नये. छत्रीच्या कडेसमोर एक काठी उभी धरून तिच्याशी मोजावं. दर ५ मिलिमीटरनंतर तीन सेकंद थांबावं, कारण बॉक्स आकडा उशिरा दाखवतो. भराभर फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटतो तो याच तीन सेकंदांत.

क्वालिटी आली की सर्वांत मोठा आकडा डोळ्याने धरत बसू नये. एका बाजूला सरकवत जिथे चित्र तुटतं तिथे खांबावर कागदी टेप लावून खूण करायची, तसंच दुसऱ्या बाजूला, आणि छत्री बरोबर मध्ये आणायची. उंचीलाही तसंच. मग एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवायची, दोन्हीकडे पाच-पाच अंश. इथे एवढ्यानेच क्वालिटी ५८ वरून ७१ झाली, कारण हलवताना एलएनबी वळली होती. नट आवळताना डावा-उजवा आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. एकच बाजू गच्च आवळली की छत्री अंशभर उचलली जाते आणि मघाचं सगळं काम वाया जातं. शेवटी ओलं पोतं छत्रीच्या तोंडावर अर्ध्यापर्यंत टाकून पाहिलं. चित्र टिकलं. मृगाच्या सरींना तोंड देण्यापुरती गुंजाइश आहे याची ती ढोबळ परीक्षा. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं चित्र जाणारच, त्यासाठी छत्री हलवायची नाही.

वायर, पिना आणि पाण्याचा थेंब

नव्या घरात छत्रीपासून टीव्हीपर्यंत २२ मीटर वायर लागते. जुनी १२ मीटरची होती. तिला १० मीटरचा तुकडा जोडताना मधली तार तारेला पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि तो जोड स्लॅबवर, पाणी साचतं तिथेच पडला होता. विजेच्या वायरीला असा जोड एकवेळ काम देतो. या वायरीत मधली तार आणि जाळी यांच्यातलं ठरावीक अंतर हीच सगळी मेख, जोडात ते अंतर मोडतं आणि सिग्नल तिथून परत फिरतो. पाणी शिरलं की पांढऱ्या फोममधून ते मीटर-दोन मीटर पुढे सरकतं. बाहेरून वायर धडधाकट दिसते, आत तांबं हिरवं झालेलं.

जोड काढून टाकला आणि २२ मीटरची आरजी-६, ७५ ओहमची, एकसंध वायर ओढली. या लांबीत सिग्नल सुमारे ५ डेसिबल कमी होतो. एलएनबी त्याला ५० डेसिबलहून जास्त वाढवून पाठवते, तेव्हा चिंता नाही. विकत घेताना मधल्या तारेला लोहचुंबक लावून पाहावं. चिकटली तर आत लोखंड, वर तांब्याचा मुलामा. घरापुरत्या अंतराला तीही चालते, पण जाळी विरळ असेल तर घेऊ नये.

पीन लावताना बाहेरचं आवरण १५ मिमी सोलायचं, जाळी मागे वळवायची, मग फोम ८ मिमी सोलायचा. पीन घट्ट बसल्यावर मधली तार तिच्या तोंडाबाहेर २ ते ३ मिमी यायला हवी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट. मग बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो किंवा सारखा बंद-चालू होतो. तसं झालं तर आधी वायर काढून बॉक्स चालू करावा. नीट चालला तर दोष वायरीत किंवा एलएनबीत, तरीही बंद पडला तर दोष अडॅप्टरमध्ये किंवा बॉक्समध्येच. या घरी संध्याकाळी लाईन डिम झाली की बॉक्स रिस्टार्ट होत होता. अडॅप्टरचे १२ व्होल्ट भार पडल्यावर ९.८ वर येत होते. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा नवा अडॅप्टर लावल्यावर ते थांबलं.

पिना लावताना बॉक्स आणि टीव्ही दोन्ही प्लगमधून काढलेले असावेत. चालू असताना हाताला झिणझिण्या येतात आणि चुकून शॉर्ट झालं तर एलएनबीला वीज देणारा भाग जळतो. एलएनबीखाली वायरीचा एक लोंबता वळसा ठेवायचा, म्हणजे पाणी पिनेत न जाता वळशाच्या तळाशी ठिबकतं. पिनेवर रबरी टोपी.

ओटा आणि वीज

नव्या स्लॅबला भोकं पाडू नयेत. वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की गळती शोधणं कठीण. इथे ६० बाय ६० बाय १५ सेंमीचा काँक्रीटचा ओटा भिंतीच्या ओळीवर ओतला आणि खांबाची पट्टी ओतण्याआधीच चार बोल्टांनी आत धरली. अशा ओट्याला १७-१८ किलो सिमेंट लागतं, वजन १३० किलोच्या घरात भरतं. ४५ सेंमीचा केला असता तर वजन ७३ किलो, आणि मे-जूनच्या वावटळीत ६० सेंमीची छत्री त्याला उलथवू शकली असती. सात दिवस पाणी मारल्यावरच छत्री चढवली.

खांबापासून तांब्याची ६ चौरस मिमी तार घराच्या अर्थिंगपर्यंत नेली. थेट पडणाऱ्या विजेपासून ती वाचवत नाही, जवळपास वीज पडल्यावर वायरीत चढणाऱ्या झटक्याला मात्र वाट देते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप इशारा देतं. तो आला की प्लगही काढायचा आणि छत्रीची वायरही. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही.

चित्र आल्यानंतर

चित्र आलं, पण काळंपांढरं. बॉक्सची पिवळी पीन टीव्हीच्या हिरव्या भोकात होती आणि टीव्ही कंपोनंटवर. एव्ही निवडलं, रंग आले. जुन्या घरी कधीच न दिसलेले काही चॅनेल इथेही आले नाहीत, कारण ते एमपेग-४ मध्ये (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) आहेत आणि हा बॉक्स जुन्या एमपेग-२ चा. छत्री कितीही जुळवली तरी ते येणार नाहीत. त्यांना एमपेग-४ बॉक्स घ्यावा लागतो, बाकी सामान तेच. खासगी चॅनेलांच्या जागांचा लिलाव होतो आणि दरवर्षी १ एप्रिलला यादी बदलते. त्या आठवड्यात चॅनेल गायब झाले तर छत्रीला हात न लावता ऑटो स्कॅन करायचा. मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात, सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमाराला सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं चित्र विस्कटतं. तेव्हाही पाने-नट काढू नयेत. उलट त्या वेळी एलएनबीची सावली छत्रीवर कुठे पडते ते पाहून ठेवावं, पुढच्या वर्षी छत्री हलली का ते त्यावरून कळतं.

आतल्या खोलीत आजीसाठी दुसरा टीव्ही लावायचा होता. त्याला दुसरी छत्री लागत नाही. फ्री डिशचे ट्रान्सपॉन्डर व्ही ध्रुवीकरणावर आणि खालच्या बँडमध्ये असल्याने दोन्ही बॉक्स एलएनबीकडून एकच गोष्ट मागतात, १३ व्होल्ट. ५ ते २४०० मेगाहर्ट्झ लिहिलेला, वीज आरपार जाऊ देणारा दोन तोंडांचा स्प्लिटर आणि दुसरा बॉक्स एवढंच पुरतं. स्प्लिटरमध्ये साधारण ४ डेसिबल जातात, ते इथे परवडतात. केबल टीव्हीचा स्वस्त स्प्लिटर मात्र १००० मेगाहर्ट्झपर्यंतचाच असतो, त्यातून १३४० धड जात नाही.